एक्केचाळीस सूर एक ओळ वर

दादा येणार नाही अशी सगळ्यांचीच खात्री होती, म्हणून आत्याने खुर्च्या चारच मांडायला लावल्या होत्या. एक स्वतःला, दोन भाच्यांना आणि एक पाच वाजता येणाऱ्या प्रकाशिकाबाईंना. आणि हा पठ्ठ्या चारला दहा कमी असताना दारात हजर, बरोबर वहिनी! मग काय, धाकटीची पळापळ. स्वयंपाकघरातलं स्टूल आलं, ते डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली घडी घातलेलं वर्तमानपत्र गेलं, आणि शेवटी धाकटी स्वतः पियानोच्या बाकावर जाऊन बसली.

"तुझीच जागा आहे ती," आत्या म्हणाली. "पण टिंगटिंग करू नकोस. मला आज सगळ्यांचं बोलणं ऐकायचंय."

"आत्या, तुला ऐकू तरी येतं का?"

"नको ते बरोबर येतं."

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते, तरी खोली त्यांचीच होती. पियानो, त्याला लागून उतरत्या फळीचं टेबल, टेबलावर दांड्याला बसवलेलं भलंमोठं भिंग. शेवटची तीन वर्षं बाबा त्या भिंगाखाली कागद धरून एकेक सूर लिहीत. हात थरथरायचा, आणि भिंगातून ती थरथर चौपट दिसायची. त्या तीन वर्षांत त्यांनी व्हायोलिन आणि पियानोसाठी सात लहान रचना केल्या. एकही तीन मिनिटांच्या वर नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पन्नास-पन्नास वादकांना घाम फोडला, त्याने शेवटी एवढंएवढंसं काहीतरी लिहावं याचं सगळ्यांना नवल वाटायचं. घरात त्यांना 'तुकडे' म्हणत.

हे तुकडे आता छापायचे होते. त्यासाठी तिन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या. दोन झाल्या होत्या, दादाची राहिली होती. तीन वेळा फोनवर नाही म्हणून झालं, तेव्हा आत्याने स्वतः फोन लावून त्याला दम भरला होता.

टेबलाजवळच्या खुर्चीत मधली बसली होती. तिला घरात कोणी नावाने हाक मारत नसे. बाबांनी ती बावीस वर्षांची असताना तिच्या हातात शाईचं पेन दिलं आणि आपली पेन्सिलीतली लिखाणं सुबक अक्षरात उतरवायला बसवलं, तेव्हापासून ती 'कारकूनबाई'. तीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. लग्न केलं नाही, नोकरी केली नाही. बाबा लिहायचे आणि ती उतरवायची. तिचं उतरवलेलं छापील कागदापेक्षा स्वच्छ असतं, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून तिला बरं वाटत असे. का वाटू नये? तिला दुसरं कौतुक कुठे होतं?

आज मात्र ती तोंडात गुळणी धरून बसली होती. मांडीवर तपकिरी खोकं होतं, ते तिने गुरुवारपासून जवळून हलवलं नव्हतं.

गुरुवारी ती दादाच्या दुकानात गेली होती, रविवारी ये म्हणून त्याची विनवणी करायला. दादा वाद्यं दुरुस्त करतो. कधीकाळी तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा, आणि असा वाजवायचा की बाबासुद्धा गप्प बसून ऐकायचे. तेवीस वर्षांपूर्वी एका कार्यक्रमानंतर बापलेकांचं रस्त्यातच वाजलं, बाबांनी संतापाने गाडीचं दार न बघता आपटलं आणि दादाच्या डाव्या हाताची करंगळी त्यात सापडली. हाड जुळलं, पण बोट काही वाकलं नाही. व्हायोलिनवर डाव्या हाताची चार बोटं लागतात. त्यातलं चौथं कायमचं काठीसारखं ताठ झालं. बाबा त्या रात्री एवढंच म्हणाले होते, "हात मध्ये घालायची काय गरज होती?" माफी त्यांनी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

तर गुरुवारी ती दुकानात शिरली तेव्हा दादा एक दुरुस्त झालेलं व्हायोलिन तपासत होता. त्याची पाठ दाराकडे होती. त्याने गज उचलला आणि एकेक तार वाजवून पाहिली. आधी मोकळी तार, मग पहिलं बोट, दुसरं, तिसरं. चौथा सूर करंगळीचा. तिथे त्याने गज थांबवला आणि तो सूर तोंडाने गुणगुणला. मग पुढची तार. पुन्हा तीन बोटं, आणि चौथा सूर तोंडाने. चारही तारांवर तसंच.

कारकूनबाई दारातच खिळली. हे असं थांबणं तिने कुठेतरी पाहिलं होतं. ऐकलं असेलही, पण पाहिलं होतं नक्की. बाबांच्या पेन्सिलीत.

त्याचं असं. अशा रचनेत कागदावर ओळी एकाखाली एक असतात. वरची ओळ व्हायोलिनची, खालच्या दोन पियानोच्या. त्या सात तुकड्यांत जागोजागी व्हायोलिनचा सूर मध्येच तुटायचा आणि तो नेमका सूर खालच्या, पियानोच्या ओळीत पडलेला असायचा. कारकूनबाईला वाटलं, म्हाताऱ्याचा हात घसरला. डोळे गेलेत, ओळ चुकली, एक सूर खाली पडला. तिने तो उचलून वर ठेवला. एक, दोन, दहा. साती तुकडे मिळून एक्केचाळीस सूर तिने खालून उचलून वर नेले आणि सुबक शाईत लिहून काढले. गाणं कसं सलग झालं, अगदी बाबा ऐन उमेदीत लिहायचे तसं.

गुरुवारी ती दादाशी धड न बोलताच घरी आली आणि पेन्सिलीचे कागद काढून बसली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सूर असे होते, की ते वाजवायला करंगळीच लागते आणि हात सरकवायला वेळ नसतो. बाबांची एकही ओळ चुकली नव्हती. तो तीन बोटांचा हिशेब होता. जिथे मुलाचं बोट पोचणार नाही, तिथे बापाने पियानोला उभं केलं होतं.

आणि वर्षापूर्वी बाबांच्या सांगण्यावरून तीच प्रत, एक्केचाळीस सूर वर नेलेली, तिने दादाला पाठवली होती. पाचव्या दिवशी पाकीट परत आलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही. चार महिन्यांनी बाबा गेले.

तिने सांगायचं ठरवलं, तर पाचच्या आत सांगायला हवं होतं. नाहीतर गिळायचं आणि आयुष्यभर गिळलेलं सांभाळायचं.

"हं," आत्या म्हणाली, "चहा झाला. आता बोल रे बाबा. सही का करत नाहीस?"

दादा स्टुलावर बसला होता. त्याच्या नखांत वार्निशाचे डाग होते. "माझी सही नसली तर अडतं का काही? तुम्ही दोघी आहात ना."

"अडतं," धाकटी म्हणाली. "तिघांच्या लागतात. दादा, किती वेळा सांगायचं? त्या बाई स्वतःहून छापायला तयार आहेत. बाबांची शेवटची रचना आहे रे! तुला नाही वाजवायची तर नको वाजवू, जग वाजवेल की."

"जगाने खुशाल वाजवावी."

"मग कर सही!"

"नाही."

"बघा!" धाकटीने दोन्ही हात वर केले. "भिंतीशी बोललेलं बरं. वहिनी, तू तरी सांग ना याला."

वहिनी आतापर्यंत पर्स मांडीवर घेऊन पाहुण्यासारखी बसली होती. "मी रोज सांगते. म्हटलं, अहो, गेलेल्या माणसाशी कसलं भांडण? घाला सही, मोकळे व्हा. तर हे उठून दुकानात जातात. कालपण गेले. काल सुट्टी होती."

"एका खोडाचं दुसरं खोड," आत्या म्हणाली. "बाप तसा लेक. आमचा भाऊ तरी काय, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. पण अरे, म्हाताऱ्याने कौतुकाने पाठवलेलं पाकीट तू परत पाठवलंस? पोचलं एवढं तरी कळवायचंस! चार महिने होते त्याच्याकडे. चारच."

कारकूनबाईला वाटलं, आता. आता बोलावं. तिने घसा खाकरला. "मी काय म्हणते," ती म्हणाली, "छापायचंच आहे तर माझ्या प्रतीवरून नको. पेन्सिलीवरून छापू देत."

खोलीतल्या चारही माना तिच्याकडे वळल्या.

"का गं ताई?" धाकटी म्हणाली. "ते कोणाला वाचता येणार आहे? मुंग्या चालल्यासारखं दिसतं ते."

"मी पुन्हा उतरवून देईन. एकदा ताडून पाहायला हवं. थोडंफार राहिलं असेल."

"तुझं? राहिलं असेल?" धाकटी हसली. "सूर्य उगवायचा राहील एक वेळ."

वाट किती सोपी होती! कोणालाच काही कळलं नसतं. नवी प्रत निघाली असती, एक्केचाळीस सूर मुकाट्याने आपापल्या जागी गेले असते, पुस्तक आलं असतं, आणि कधीतरी दादाने ते उघडलं असतं तर त्याचं त्याला कळलं असतं. नसतं उघडलं तर नसतं कळलं. कारकूनबाईने खोक्याच्या झाकणावरून हात फिरवला. तिला स्वतःचीच चीड आली. बावन्न वर्षांची बाई, आणि चोरून साखर खाल्लेल्या पोरीसारखी बसलीय.

"कशावरून छापायचं ते तुम्ही बघा," दादा म्हणाला. तो उठला होता. "मला विचारायचंच आहे ना, का नाही म्हणतो? मग ऐका. एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका."

"बस आणि सांग," आत्या म्हणाली.

तो बसला नाही. "पाकीट आलं तेव्हा मला वाटलं... काय वाटलं ते जाऊ दे. मी दुकान बंद केलं. भर दुपारी, गिऱ्हाईक बाहेर उभं असताना. बावीस वर्षांत त्या माणसाने मला ओळभर काही पाठवलं नव्हतं. एक चांगलं व्हायोलिन काढलं, कागद समोर ठेवला. म्हटलं, बघू तरी." तो डाव्या हाताकडे बघत होता. "पहिल्या तुकड्यात चौथ्याच ठिकाणी करंगळी. म्हटलं, असेल. पुढे गेलो, पुन्हा करंगळी. पान उलटलं, करंगळी. आणि अशा जागी, की पळवाट नाही. हात सरकवून घ्यावा म्हटलं तर वेळ नाही. सातच्या सात तुकडे तसेच. कोणी ठरवून खड्डे खणावेत तसे. त्यांना माझा हात माहीत होता. माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. आणि शेवटी, मरता मरता त्यांनी मला काय पाठवलं, तर टोमणा. 'बघ, तुला हे येत नाही.'"

वहिनीने हळूच त्याची बाही धरली. हे तिलाही नवं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"काय सांगू? बाप हसला म्हणून?"

"मेल्या!" आत्या म्हणाली. ती दादाला नाही, भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मेल्या, एवढं विष? पोटच्या पोराला?" मग तिने पदराने डोळे पुसले. "नको करू सही. अजिबात करू नकोस. मी म्हणते नको करू."

"मीही पियानोवर ते नाही वाजवणार मग," धाकटी म्हणाली. "दादा, मला खरंच माहीत नव्हतं रे."

क्षणात सगळी खोली फिरली. मघाशी जो एकटा होता त्याच्या बाजूने आता तिघी होत्या, आणि भिंतीवर बाबा एकटे. फोटोत ते कुठल्याशा कार्यक्रमात गज उगारून उभे होते आणि कोणावर तरी चिडलेले दिसत होते. ते स्वतःची बाजू मांडायला येणार नव्हते. मांडणारं माणूस खोक्यावर हात ठेवून बसलं होतं.

"त्यांनी नाही केलं," कारकूनबाई म्हणाली.

"काय?"

"ते खड्डे. ते मी खणले."

आणि मग तिने सांगितलं. नीट सांगता आलं नाही. ओळी, खालचा सूर, वरचा सूर, थरथर, भिंग, सगळं मागेपुढे झालं. मध्येच धाकटीने "म्हणजे?" विचारलं, तेव्हा तिने सरळ खोकं उघडलं आणि पेन्सिलीचा पहिला कागद पियानोवर ठेवला, शेजारी आपली सुबक प्रत. पेन्सिलीवर बोट ठेवलं: हा सूर इथे, पियानोत. मग शाईवर: हा मी इथे नेला, व्हायोलिनला. धाकटी पुढे वाकून बघत राहिली.

"तरीच," ती हळूच म्हणाली. "तरीच मला माझा भाग रिकामा रिकामा वाटायचा."

दादा जागचा हलला नव्हता. "तू विचारलं का नाहीस?" तो म्हणाला. "तू तर चिठ्ठ्या लावायचीस."

हे मात्र खरं होतं, आणि तिला त्याचीच भीती होती. तीस वर्षांची पद्धत होती त्यांची. उतरवताना शंका आली की कारकूनबाई कागदाला एक चिठ्ठी टाचायची, आणि बाबा तिच्याखाली लाल पेन्सिलीने उत्तर लिहायचे. 'हो.' 'नाही.' 'डोळे फुटले का?' शंका विचारल्याशिवाय ठिपकासुद्धा हलवायचा नाही, हा नियम तिचाच.

"लिहिली होती," ती म्हणाली. "पहिल्या तुकड्याच्या वेळी. द्यायला गेले तर ते खुर्चीतच झोपले होते. तोंड उघडं होतं, चष्मा छातीवर. मला त्यांची दया आली रे. म्हटलं, या माणसाला मी दाखवू की तुमची ओळ चुकते? तुम्ही आता संपलात? नाही दिली. दुरुस्त केलं गुपचूप. आणि मग..." ती थांबली. अर्धंच खरं बोलण्यात काही अर्थ नव्हता. "आणि मग मला आवडायला लागलं. तीस वर्षं मी त्यांचं उतरवत आले. पहिल्यांदाच वाटलं की यात माझंही थोडं आहे. माझ्यामुळे ते धड झालंय. दयेचं मी सांगतेय, पण दया पहिल्या तुकड्यापुरतीच होती. नंतरच्या सहांत माझा तोराच होता."

"आणि त्यांनी तुझी प्रत पाहिली नाही?"

"बारीक शाई त्यांना दिसत नव्हती. मी म्हटलं, वाचून दाखवू का? तर म्हणाले, तू केलंयस ना, मग बघायचंय काय."

आत्या काहीतरी पुटपुटली. वहिनी आता कारकूनबाईकडे बघत होती, आणि ते बघणं काही मायेचं नव्हतं. "वन्सं," ती म्हणाली, "वर्षभर यांनी गजाला हात लावलेला नाही. गिऱ्हाइकाच्या वाद्यापुरता लावतात तेवढाच. तुम्हाला कल्पना आहे का?"

"नव्हती."

"राहू दे," दादा वहिनीला म्हणाला. मग कारकूनबाईला, "त्यांना माझा हात कसा माहीत? आता कुठला सूर लागतो, कुठला सुटतो? मी त्यांच्यासमोर कधी वाजवलं नाही. बावीस वर्षं."

"चार वर्षांपूर्वी मी त्यांच्या व्हायोलिनची घोडी बदलायला तुझ्याकडे आले होते. आठवतंय?"

"तू एकटी आली होतीस."

"ते बाहेर गाडीत होते. आत ये म्हटलं तर नाही म्हणाले. काच खाली होती, तुझं दार उघडं होतं. तू तारांखाली नवी घोडी बसवलीस आणि एकेक तार तपासलीस. मी परत आले तेव्हा ते समोर बघत बसले होते. म्हणाले, हळू चालव. घरी येईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या ओळींचा कागद मागितला."

दादाने पियानोवरचा पेन्सिलीचा कागद उचलला. तो उजेडात नेला. मुंग्या चालल्यासारखं ते लिखाण, पण त्याला वाचता येत होतं. घरात कारकूनबाईनंतर त्यालाच ते अक्षर वाचता यायचं. त्याने डाव्या हाताची तीन बोटं स्वतःच्या उजव्या मनगटावर ठेवली आणि तारा दाबाव्यात तशी एकेक दाबत गेला. आवाज नव्हता. ओठ मिटलेले होते. चौथ्या ठिकाणी बोटं थांबली. त्याने मान वर करून धाकटीकडे पाहिलं. तिने कागदाकडे मान लांब करून बघितलं आणि पियानोवर एक सूर वाजवला. एकच.

बोटं पुढे निघाली. पुन्हा थांबली. पुन्हा धाकटीने सूर दिला. पहिला तुकडा तसाच झाला, मनगटावर. खोलीत फक्त मधले तेवढे सूर ऐकू येत होते, लांब-लांब, आणि तरी सगळ्यांना कळत होतं की मध्ये काहीतरी चाललंय. पहिल्या तुकड्यात असे पाच सूर होते. पाचव्यानंतर दादाने कागद खाली ठेवला. तो रडत होता, आणि पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला असं रडताना बघणं फार वाईट.

"पाकीट परत आलं," तो म्हणाला, "तेव्हा ते काय म्हणाले?"

"नको ना विचारू."

"काय म्हणाले?"

कारकूनबाईने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान फिरवली.

"म्हणाले, पाकीट उघडलेलं आहे का? तू ते उघडून पुन्हा चिकटपट्टी लावली होतीस. मी म्हटलं, हो, उघडलेलं आहे. म्हणाले, म्हणजे पाहिलं त्याने. मी म्हटलं, हो." तिने पियानोवरची आपली प्रत पालथी घातली. "म्हणाले, ठीक आहे. त्याच्या जागी मीही नसतं घेतलं."

दादा खाली बसला. स्टूल डुगडुगलं. वर्तमानपत्राची घडी सरकली होती, ती वहिनीने वाकून पुन्हा पायाखाली घातली.

धाकटीने पियानोचं झाकण लावायला घेतलं आणि तसंच सोडून दिलं. गाडीचं दार आपटल्याची माफी एका माणसाने तीन वर्षं बसून, भिंगाखाली, थरथरत्या हाताने लिहिली होती. ती सुबक अक्षरात उतरवणाऱ्या पोरीने खोडली. मग मुलाने ती नाकारली, असं समजून तो माणूस गेला. आता कोणी कोणाला काय सांगायचं?

"माझ्यावर ओरड तरी," कारकूनबाई म्हणाली. "काहीतरी बोल."

"ओरडेन," दादा म्हणाला. "आज नाही. आज जमणार नाही मला. पण ओरडेन, हे लक्षात ठेव. आणि लवकर विसरणार नाही."

"नको विसरूस."

"ती चिठ्ठी कुठेय? न दिलेली."

ती खोक्याच्या तळाशी होती. कारकूनबाई कधीच काही टाकून देत नसे. तिने ती काढून दिली. पिवळट कागद, कोपऱ्यात टाचणीचं गंजकं भोक, आणि तिच्या सुबक अक्षरात एक ओळ: 'बाबा, हा सूर व्हायोलिनचा की पियानोचा?' खाली उत्तरासाठी नेहमीसारखी जागा सोडलेली.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. पाच वाजले होते. प्रकाशिकाबाई वेळेच्या पक्क्या होत्या.

"थांबू देत त्यांना," आत्या म्हणाली. "पाच मिनिटांनी काही बिघडत नाही."

दादा टेबलापाशी गेला. भिंगाच्या बाजूला बाबांच्या पेन्सिली होत्या, त्यांतली लाल त्याने उचलली. टोक बोथट होतं. त्याने डाव्या हाताने चिठ्ठी फळीवर दाबून धरली, तीन बोटांनी, ताठ करंगळी बाजूला ठेवून, आणि मोकळ्या जागेत लिहिलं: 'पियानोचा.'

मग त्याने चिठ्ठी कारकूनबाईपुढे सरकवली.

"बस," तो म्हणाला. "पहिल्या तुकड्यापासून उतरव. जिथे शंका येईल तिथे विचार. मी इथेच बसतो."

पुन्हा घंटा वाजली. धाकटी दार उघडायला गेली. कारकूनबाईने पेनाचं टोपण काढलं, आणि हात इतका थरथरत होता की पहिली ओळ आखायला तिला बाबांचं भिंग ओढून घ्यावं लागलं.